स्पोर्ट्स कारच्या टायरांची फेरनिवड : पोर्शे कॅरेरा जीटीच्या उदाहरणावरून एक विवेचन

प्रस्तावना

मोटारीचे टायर केव्हा बदलावेत, या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर रूढ आहे : टायर गुळगुळीत झाला, बोलीभाषेत सांगायचे तर ‘गोटा’ झाला, की बदलावा. कायद्याचा निकषही याच धर्तीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. त्यासाठी खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे दिलेले असतात आणि टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीवर आला म्हणजे टायरचे आयुष्य संपले, असे मानले जाते. वर्षाकाठी पंधरा-वीस हजार किलोमीटर धावणाऱ्या मोटारीसाठी हा निकष बऱ्याच अंशी पुरेसा आहे, कारण तिचा टायर म्हातारा होण्यापूर्वीच झिजतो.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा क्रम उलटतो. ही मोटार बहुधा घरातली दुसरी किंवा तिसरी असते. ती आठवडाअखेर बाहेर पडते, पावसाळ्यात आच्छादनाखाली उभी राहते आणि वर्षभरात दोन-तीन हजार किलोमीटरही धावत नाही. आठ-नऊ वर्षांनंतरही तिच्या टायरवरची नक्षी शाबूत दिसते. मालक खोली मोजतो, समाधान पावतो आणि ताशी दोनशे किलोमीटर वेगाने जाण्यास समर्थ असलेले यंत्र अशा रबरावर सोपवतो की, ज्याचा मूळ गुणधर्म कधीच नष्ट झालेला आहे. प्रस्तुत लेखात या फसगतीमागील कारणे, तसेच नवे टायर निवडताना कोणत्या गोष्टी निर्णायक ठरतात, याचा विचार पोर्शे कंपनीच्या कॅरेरा जीटी या मोटारीच्या आधारे केला आहे. एकाच मोटारीवर वीस वर्षांत टायरांच्या तीन पिढ्या चढल्यामुळे हे उदाहरण अभ्यासाच्या दृष्टीने सोयीचे आहे. त्याला एका दुर्घटनेचीही पार्श्वभूमी आहे.

मोटार आणि दुर्घटना

कॅरेरा जीटीचे उत्पादन २००३ ते २००६ या काळात झाले आणि एकूण १,२७० मोटारी तयार झाल्या. दहा सिलिंडरचे ५.७ लिटर क्षमतेचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागील आसाच्या पुढे बसविलेले आहे. शक्ती ६१२ अश्वशक्ती, वजन सुमारे १,३८० किलोग्रॅम आणि कमाल वेग ताशी ३३० किलोमीटर. चाके लॉक होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा आणि चाकांचे भिरभिरणे रोखणारे नियंत्रण तिच्यात होते. परंतु मोटार आडवी घसरू लागल्यास तिला सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्ययंत्रणा मात्र तिच्यात नव्हती. म्हणजेच चालकाची चूक झाली तर ती सावरण्याचे काम टायर आणि चालकाचे हात यांच्यावरच येत असे. टायरविषयीची पुढील सर्व चर्चा या एका वस्तुस्थितीच्या संदर्भात वाचावी.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथे २००५ सालची एक कॅरेरा जीटी रस्त्यावरून भरकटून दिव्याच्या खांबावर व झाडांवर आदळली. तीत चित्रपट अभिनेता पॉल वॉकर आणि मोटार चालवणारा त्याचा मित्र असे दोघे मृत्युमुखी पडले. मार्च २०१४ मध्ये जाहीर झालेल्या तपासाच्या निष्कर्षानुसार मोटारीत यांत्रिक बिघाड आढळला नाही. ताशी सुमारे ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या त्या रस्त्यावर तिचा वेग ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान होता. अपघाताचे कारण म्हणून वेग नोंदविला गेला, आणि त्याबाबत संदिग्धता नाही. मात्र तपास अधिकाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची नोंद केली : मोटारीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यांच्या वयामुळे मोटारीच्या हाताळणीवर परिणाम झाला असण्याची शक्यता होती.

नऊ वर्षांच्या टायरांमुळेच अपघात झाला, असे म्हणणे पुराव्याच्या पलीकडे जाणे होईल. परंतु असा वेग आणि असे टायर एकत्र आले असता, चूक सावरण्यासाठी उपलब्ध असलेला अवकाश किती आकसतो, हे समजून घेण्यासाठी रबराच्या स्वभावाकडे वळणे आवश्यक आहे.

रबर रस्ता कसे धरते

शालेय भौतिकशास्त्रात घर्षण हे संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते, असे शिकवले जाते. धातू किंवा लाकडाच्या पृष्ठभागांना हा नियम स्थूलमानाने लागू पडतो; रबराला मात्र तो लागू पडत नाही. रबराचे घर्षण दोन वाटांनी निर्माण होते. पहिली वाट आसंजनाची, म्हणजे रबराचे रेणू आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांच्यातील क्षणिक चिकटण्याची. दुसरी वाट अधिक महत्त्वाची आहे. रस्त्यावरील खडीच्या बारीक टोकांवरून सरकताना रबर दबते, टोक ओलांडल्यावर पूर्ववत होऊ पाहते, पण तत्काळ होत नाही. दबण्यास लागलेली सर्व ऊर्जा परत मिळत नाही. तिचा काही भाग उष्णता होऊन नष्ट होतो. हा ऊर्जाव्यय म्हणजेच पकड. ओल्या रस्त्यावर पाण्याच्या पातळ थरामुळे आसंजन जवळजवळ नाहीसे होते. तेव्हा मोटार सावरते ती प्रामुख्याने या दुसऱ्या वाटेनेच.

रबर हा श्यानप्रत्यास्थ पदार्थ आहे. त्याच्यात स्प्रिंगचा आणि मधाचाही गुण असतो. तापमान उतरत गेले की त्याच्या लांब शृंखलांची हालचाल मंदावते आणि एका विशिष्ट तापमानाखाली ते काचेसारखे कठीण होते. या काचीभवन तापमानाच्या जरा वरच्या पट्ट्यात ऊर्जाव्यय सर्वाधिक असतो. टायरनिर्मितीचे सारे कौशल्य हा पट्टा योग्य ठिकाणी बसवण्यात आहे. संशोधक प्रयोगशाळेत साधारण शून्य अंश सेल्सिअसला मोजलेल्या ऊर्जाव्ययावरून ओल्या रस्त्यावरील पकडीचा, तर साठ अंशांना मोजलेल्या व्ययावरून इंधन खाणाऱ्या लोटनरोधाचा अंदाज बांधतात. पहिला जास्त आणि दुसरा कमी हवा. पूर्वी भरणद्रव्य म्हणून केवळ काजळी वापरली जाई, तेव्हा या दोन अपेक्षा परस्परविरोधी ठरत. १९९० च्या दशकाच्या आरंभी मिशेलिन कंपनीने सिलिकायुक्त टायर बाजारात आणल्यावर हा विरोध बराच सौम्य झाला. आज स्पोर्ट्स कारच्या टायरांत काजळी आणि सिलिका यांची मिश्रणे असतात. त्यांची नेमकी प्रमाणे कंपन्या गुप्त ठेवतात, हे सांगणे न लगे.

रुंद टायरविषयी एक गैरसमज येथेच दूर करणे इष्ट ठरेल. टायर जितका रुंद तितका रस्त्याला टेकणारा भाग मोठा, असे सरसकट समजले जाते. वस्तुतः टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ मुख्यतः मोटारीचे वजन आणि टायरमधील हवेचा दाब यांवर ठरते. १,३८० किलोग्रॅम वजन चार चाकांवर समान वाटले आणि दाब २.२ बार धरला, तर प्रत्येक चाकाखाली सुमारे १५० चौरस सेंटिमीटर क्षेत्र येते. म्हणजे साधारण तळहाताएवढे. रुंद टायरमुळे या तळव्याचा आकार बदलतो. तो लांबट न राहता आडवा आणि आखूड होतो, आणि वळणावर पडणारा भार रुंदीभर अधिक समतेने वाटला जातो. रबराचा घर्षणांक दाब वाढला की घटत असल्यामुळे या समान वाटपाचा लाभ होतो. याची किंमत ओल्या रस्त्यावर मोजावी लागते, त्याविषयी पुढे.

टायर म्हातारा कसा होतो

रबराला टणकपणा आणि लवचिकपणा देणारे व्हल्कनीकरण, म्हणजे गंधकाच्या साहाय्याने शृंखलांमध्ये आडवे बंध निर्माण करण्याची क्रिया, कारखान्यात संपते असे आपण मानतो. ती पूर्णपणे संपत नाही. उष्णतेच्या सान्निध्यात आडवे बंध वर्षानुवर्षे बदलत व वाढत राहतात. दुसरीकडे हवेतील ऑक्सिजन शृंखलांवर हल्ला करतो. या दोहोंचा एकत्रित परिणाम म्हणजे रबर हळूहळू कठीण होते, त्याची दबण्याची आणि ऊर्जा गिळण्याची क्षमता घटते. ऑक्सिडीभवन केवळ बाहेरून होत नाही, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. टायरच्या आतली हवा दाबाखाली असल्यामुळे तिच्यातील ऑक्सिजन सतत रबरातून बाहेरच्या दिशेने झिरपत असतो आणि वाटेत पोलादी पट्ट्यांभोवतालच्या रबरावर त्याची क्रिया होते. या पट्ट्या एकमेकींपासून सुटणे, हाच भर वेगात टायर फुटण्याचा एक प्रमुख प्रकार आहे.

ओझोनपासून रक्षण करण्यासाठी रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. टायर फिरताना तो सतत वाकतो आणि ही द्रव्ये पृष्ठभागाकडे येत राहतात. उभ्या मोटारीत हे घडत नाही. म्हणून गॅरेजमध्ये जपून ठेवलेल्या मोटारीच्या टायरांच्या कडांवर बारीक भेगा लवकर दिसू लागतात. जपणूक हीच येथे हानीचे कारण ठरते. (या ओझोनरोधकांपैकी ६-पीपीडी नावाच्या रसायनापासून रस्त्यावर तयार होणारे क्विनोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोहो सामन माशांना मारक ठरते, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासकांसाठी तो स्वतंत्र विषय आहे.)

उष्ण हवामान या सर्व प्रक्रियांना वेग देते. फायरस्टोन टायरांच्या २००० सालच्या मोठ्या परतबोलावणीनंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने टायरांच्या वार्धक्याचा अभ्यास हाती घेतला. त्यासाठी प्रत्यक्ष वापरातील टायर गोळा करण्याकरिता ॲरिझोनातील फिनिक्स हे शहर निवडले, ते तेथील कडक उन्हाळ्यामुळेच. चंद्रपूर, अकोला, जळगाव येथील उन्हाळा अनुभवलेल्या वाचकास या निवडीचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. महाविद्यालयाच्या आवारात दिवसभर उन्हात उभी राहणारी आणि घर ते महाविद्यालय एवढीच धावणारी प्राध्यापकाची साधी मोटारही या दृष्टीने स्पोर्ट्स कारचीच बहीण आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते.

टायरचे वय ओळखणे अवघड नाही. कडेवर छापलेल्या दीर्घ सांकेतिक ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ‘१५२१’ याचा अर्थ २०२१ सालचा पंधरावा आठवडा. शेवटी तीनच अंक असतील, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि त्याविषयी अधिक चर्चा करण्याचे कारण नाही. पूर्ण संकेत पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूस असतो, तेव्हा मोटारीखाली डोकावण्याचा आळस करू नये. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि कोणत्याही परिस्थितीत दहा वर्षांनंतर बदल, अशी मिशेलिनची शिफारस आहे. अनेक मोटार उत्पादक सहा वर्षांचीच मर्यादा सांगतात. प्रस्तुत लेखकाच्या मते वेगवान मोटारीसाठी सहा वर्षे ही विचाराची नव्हे, निर्णयाची मर्यादा मानावी. नवा म्हणून घेतलेला टायर दुकानाच्या मांडणीवर तीन वर्षे पडून होता का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे.

कडेवरची लिपी

कॅरेरा जीटीच्या पुढील टायरांचे माप २६५/३५ झेडआर १९ आणि मागील टायरांचे ३३५/३० झेडआर २० असे आहे. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा कडेच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण. शेवटचा रिमचा व्यास, इंचांमध्ये. या तिहेरी मोजमापाची सांगड घालून पाहिली, तर पुढील टायरचा एकूण व्यास सुमारे ६६८ आणि मागील टायरचा सुमारे ७०९ मिलिमीटर येतो. मापे भिन्न असल्यामुळे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे, ही आपल्याकडे दर दहा हजार किलोमीटरला केली जाणारी अदलाबदल येथे अशक्य असते. शिवाय ब्रेकयंत्रणा पुढच्या व मागच्या चाकांच्या फिरण्याच्या वेगांची सतत तुलना करीत असते. रुंदी किंवा उंची बदलून ‘जवळपासचे’ माप बसवले, तर हे गुणोत्तर बिघडते आणि चाक घसरत नसताना यंत्रणा ते घसरते आहे असे समजू शकते.

मापानंतर भारांक आणि वेगाक्षर येते. भारांक ९४ म्हणजे एका टायरवर ६७० किलोग्रॅम, तर १०० म्हणजे ८०० किलोग्रॅम. वेगाक्षरांत व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३०० किलोमीटर. भारांक व वाय हे अक्षर कंसात छापलेले असेल, तर टायर त्याहूनही अधिक वेगासाठी प्रमाणित आहे. आपल्या रस्त्यांवर कायद्याने इतका वेग घेताच येत नाही, मग कमी अक्षराचा स्वस्त टायर का नको, असा प्रश्न विक्रेत्यांना नेहमी विचारला जातो. प्रश्न तर्कशुद्ध वाटतो, पण वेगाक्षर म्हणजे केवळ वेगाची मर्यादा नाही. उच्च वेगासाठी सिद्ध केलेल्या टायरची बांधणी, कडांची ताठरता आणि उष्णता सहन करण्याची शक्ती वेगळी असते, आणि मोटारीचे सस्पेन्शन त्या ताठरतेला अनुसरून आखलेले असते. भारांक मात्र कोणत्याही सबबीवर कमी करू नये.

आणखी एक खूण सहजासहजी लक्षात येत नाही. पोर्शेने तपासून मान्य केलेल्या टायरांवर एन हे अक्षर आणि एक अंक असतो : एन०, एन१, एन२ इत्यादी. बीएमडब्ल्यूसाठी तारका, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ अशा खुणा आहेत. बाहेरून एकसारखे दिसणारे, एकाच नावाचे दोन टायर, एकावर ही खूण आणि दुसऱ्यावर नाही, आतून वेगळे असू शकतात. मिश्रण, पट्ट्यांचा कोन किंवा कडेची बांधणी त्या विशिष्ट मोटारीसाठी बदललेली असते. अंक टायरची सुधारलेली आवृत्ती दाखवतो. म्हणून एकाच मोटारीवर पुढे एन० आणि मागे एन१ असे मिश्रण करू नये, अशी कंपनीची सूचना असते. खुणेच्या टायरसाठी जास्त पैसे पडतात आणि त्यात व्यापाराचा भाग नाही असे कोणी म्हणणार नाही. तरीही ज्या मोटारीत स्थैर्ययंत्रणा नाही, तिच्याबाबत ही काटकसर करू नये, असे स्पष्टपणे सुचवावेसे वाटते.

अमेरिकी बाजारासाठीच्या टायरांवर झीजांकही छापलेला असतो. टेक्सासमधील ठरलेल्या सार्वजनिक रस्त्यांवर ताफ्याने मोटारी चालवून प्रमाण टायरशी तुलना केली जाते आणि त्यावरून हा अंक ठरतो. १०० हा प्रमाण टायरचा अंक, ३०० म्हणजे त्या चाचणीत तिप्पट टिकाऊ. मात्र हा अंक स्वतः कंपनी देते आणि तो कमी दाखवण्यास कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे दोन कंपन्यांच्या अंकांची तुलना फारशी उपयोगाची नसते. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना मात्र बोलकी असते. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एसचा झीजांक ३००, तर पायलट स्पोर्ट कप २ चा मापानुसार १८० किंवा २४० आहे. दुसरा मऊ आहे, लवकर झिजतो आणि कोरड्या रस्त्यावर अधिक पकड देतो. पकडीसाठी दिलेले एए, ए, बी, सी हे दर्जे सरळ रेषेत ओल्या रस्त्यावर ब्रेक लावून ठरवतात. वळणावर टायर कसा वागेल, याविषयी त्यांतून काहीच कळत नाही.

एक मोटार, तीन पिढ्या

कॅरेरा जीटी बाजारात आली तेव्हा तिच्यावर मिशेलिनचा पायलट स्पोर्ट पीएस २ हा टायर होता. मर्यादेजवळ ही मोटार अचानक सुटते, अशी तिची ख्याती झाली. २०१३ मध्ये, म्हणजे वर उल्लेखिलेल्या दुर्घटनेच्याच वर्षी, पोर्शे आणि मिशेलिन यांनी याच मोटारीसाठी पायलट सुपर स्पोर्ट हा नवा टायर सिद्ध केला. उत्पादन थांबून सात वर्षे झालेल्या, जेमतेम बाराशे-तेराशे मोटारींसाठी नवा टायर विकसित करणे हा व्यापारी हिशेबात न बसणारा निर्णय होता. पण त्यामागचे कारण उघड आहे : टायर नसेल तर मोटार संग्रहालयातील वस्तू होते, आणि जुन्याच टायरवर चालवली तर ती धोकादायक होते.

तिसरी पिढी २०२४ मध्ये आली. पायलट स्पोर्ट कप २ एन० बसवलेली कॅरेरा जीटी माजी शर्यतपटू योर्ग बेर्गमाइस्टर यांनी जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगच्या उत्तर मार्गावर ७ मिनिटे १२.६९ सेकंदांत फिरवली. २००४ मध्ये एका जर्मन मोटारनियतकालिकाच्या चाचणीत हीच मोटार ७ मिनिटे २८.७१ सेकंद घेत होती. इंजिन तेच, शक्ती तीच. अंतर सोळा सेकंदांचे. या संपूर्ण फरकाचे श्रेय टायरला देणे योग्य होणार नाही, कारण चालक वेगळा, दिवस वेगळा आणि डांबरही वेगळे. तथापि वीस वर्षे जुन्या यंत्राच्या क्षमतेतील एवढी वाढ मुख्यतः रबराच्या रसायनशास्त्रातून आली, हे मान्य करावे लागते. प्रस्तुत लेखकाला या वेळेपेक्षा दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. नव्या मिश्रणांनी पकडीचे शिखर उंचावले, त्याचबरोबर शिखरापलीकडचा उतारही सौम्य केला. जुना टायर पकड सोडतो तो कडेलोट व्हावा तसा. चांगला नवा टायर सोडण्यापूर्वी चालकाला सुकाणूतून सूचना देतो. वार्धक्याने कठीण झालेल्या रबरात नेमकी हीच सूचना हरपते.

म्हणून जुन्या स्पोर्ट्स कारसाठी ‘मूळचाच’ टायर शोधत बसणे हा संग्राहकाचा छंद असू शकतो, चालकाचा नव्हे. त्याच मापात, त्याच मोटारीसाठी मान्य झालेला नव्या पिढीचा टायर उपलब्ध असेल, तर तोच घ्यावा.

पाऊस, उष्णता आणि आपले रस्ते

मुंबई-पुण्याच्या परिसरात स्पोर्ट्स कार वापरणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यांच्यापुढील पर्याय युरोपीय मालकापेक्षा वेगळे आहेत. युरोपात सात अंशांखाली उन्हाळी टायर कडक होतो, म्हणून हिवाळी टायर घ्यावे लागतात. महाराष्ट्रात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. आपला प्रश्न जूनपासून सुरू होतो.

साचलेल्या पाण्यावरून जाताना टायरला पाणी बाजूला सारण्यास वेळ मिळाला नाही, तर तो पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. नासाने विमानांच्या टायरांवर केलेल्या अभ्यासातून १९६३ मध्ये मांडलेले सूत्र सांगते की, हा वेग टायरमधील दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. २.२ बार, म्हणजे २२० किलोपास्कल दाबाला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. मोटारीच्या टायरला खाचा असतात, त्यामुळे नव्या टायरला प्रत्यक्षात अधिक अवसर मिळतो. पण खाचा उथळ झाल्या आणि पाणी खोल असले की, हे सूत्र बरेच जवळ येते. येथेच रुंद टायरची किंमत चुकवावी लागते, कारण आडव्या आणि आखूड तळव्याला रुंद पट्ट्यातील पाणी अल्पावधीत हटवावे लागते. कप २ सारख्या टायरमध्ये खाचा मुळातच कमी आणि उथळ असतात. कोरड्या बंदिस्त मार्गावर अतुलनीय ठरणारा हा टायर जुलैमधील खंडाळ्याच्या घाटात चुकीची निवड आहे. मोटार पावसात काढायचीच असेल, तर त्याच मापातला, ओल्या रस्त्यासाठी अधिक खाचा असलेला रस्त्याचा टायर निवडावा; झीजांक जास्त असला तरी चालेल. तसेच पावसाळी वापरासाठी १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा अपुरी समजावी.

दाबाविषयी एक हिशेब देतो, कारण ही चूक सार्वत्रिक आहे. पहाटे २५ अंशांना ३२ पाउंड (२.२ बार) दाब भरून निघालेल्या मोटारीच्या टायरमधील हवा द्रुतगती मार्गावर ७५ अंशांपर्यंत तापली, तर वायूच्या नियमानुसार दाब ३९ ते ४० पाउंडांपर्यंत चढतो. हे अपेक्षितच आहे आणि टायर त्यासाठी बनलेला असतो. पेट्रोल पंपावरचा मुलगा दाब ‘जास्त’ आहे म्हणून हवा काढतो आणि ३२ वर आणून ठेवतो. टायर थंड झाल्यावर तोच दाब सुमारे २५ पाउंड उरतो. कमी दाबाचा टायर अधिक वाकतो, अधिक तापतो, आणि टायर फुटण्याची सुरुवात बहुधा येथून होते. दाब नेहमी थंड टायरवर मोजावा. नायट्रोजन भरल्याने यातून सुटका होत नाही. साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो आणि कोरड्या वायूंना तापमानाचा नियम सारखाच लागू होतो. आर्द्रता टाळली जाते, आतून होणारे ऑक्सिडीभवन काहीसे मंदावते, एवढाच त्याचा लाभ.

उपलब्धतेची अडचण स्वतंत्र आहे. भारतात मोटारीच्या टायरांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने बंधनकारक केले, आणि जून २०२० मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने मोटारींच्या नव्या टायरांची आयात मुक्त वर्गातून काढून प्रतिबंधित वर्गात टाकली. देशी उद्योगाला संरक्षण देण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. पण ३३५ मिलिमीटर रुंदीचा टायर देशात कोणी तयार करीत नसताना त्या मापाच्या मालकाची अवस्था काय होईल, याचा विचार अशा धोरणांत क्वचितच होतो. टंचाईच्या काळात जुना साठा, वापरलेले आयात टायर किंवा एका आसावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा ब्रँड असे पर्याय पुढे येतात. त्यांपैकी वापरलेला टायर सर्वांत वर्ज्य : त्याचा इतिहास कोणालाच माहीत नसतो. दोनच टायर मिळत असतील, तर ते एकाच आसावर जोडीने बसवावेत. चारही मापे समान असलेल्या मोटारीत नवी जोडी मागच्या आसावर जावी, कारण मागची चाके आधी घसरली तर मोटार गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. कॅरेरा जीटीसारख्या, पुढे-मागे भिन्न मापांच्या मोटारीत हा पर्यायच नसतो. तिथे चारही टायर एकाच वेळी, एकाच खुणेचे बदलावेत आणि ते मिळेपर्यंत मोटार उभी ठेवावी.

उभी ठेवतानाही रबराचा विचार करावा लागतो. महिनोन् महिने एकाच जागी उभ्या मोटारीच्या टायरला खालच्या बाजूस सपाटी येते. थोडे धावल्यावर ती बहुधा जाते, पण दाब उतरू दिला असेल तर कायम राहू शकते. पंधरवड्यातून एकदा मोटार काही किलोमीटर फिरवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्याने मेण व ओझोनरोधके पृष्ठभागावर येण्यासही मदत होते. टायर चमकवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या द्रवांनी मात्र काहीही साधत नाही. त्यांच्या चकाकीखाली भेगा झाकल्या जातात.

नवे टायर बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावेत. साच्यातून टायर सहज सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश पृष्ठभागावर असतो आणि तो घासला जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. त्याच वेळी चाकांचे संरेखन तपासून घ्यावे, कारण चुकीच्या कोनात धावणाऱ्या रुंद टायरची आतली कड बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेस पडण्यापूर्वीच तारांपर्यंत झिजलेली असते. कॅरेरा जीटीची चाके मध्यभागी एकाच नटाने बसवलेली असल्याने तो नट कंपनीने ठरवून दिलेल्या बलानेच आवळावा लागतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे त्यासाठी लागणारी अवजारे नसतात, आणि त्यात त्याचा दोष नाही.